‘आनंद’च्या उशाशी बसलेली माणसे

‘आनंद’ ह्या हिंदी चित्रपटाबद्दल आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यात आम्ही आणखी भर कशाला घालावी, असे वाचक विचारतील. कारण एवढेच की लिहिणारे बहुतेक सारे आनंदबद्दल लिहितात. राजेश खन्नाचे हसणे, त्याची बडबड, सलील चौधरींचे संगीत आणि ज्या संवादांवर थिएटरात टाळ्या पडत ते गुलजारचे संवाद, ह्यांतच लेख संपतो. आनंदच्या उशाशी जी माणसे बसली होती त्यांचे काय झाले, हे फारसे कोणी विचारीत नाही. आमच्या मते हा चित्रपट त्यांचा आहे. त्याचे बळ त्यांच्यात आहे, आणि त्यातले जे कच्चे आहे तेही त्यांच्याच बाबतीत आहे.

चित्रपट १९७१ सालचा. आमच्यातील पुष्कळ कुटुंबे त्याआधीच इस्रायलला येऊन स्थिरावली होती. काहींनी तो मुंबई सोडण्यापूर्वी पाहिला, काहींनी पुढे व्हिडिओ कॅसेटवर. हल्ली नातवंडे फोनवर लावून देतात. तेव्हा गोष्ट ठाऊक नाही असा वाचक विरळाच. पण मुद्द्यापुरती सांगतो. आनंद सैगल नावाचा तरुण दिल्लीहून मुंबईस येतो. त्याला आतड्याचा कर्करोग आहे, फार तर सहा महिने उरलेले आहेत, आणि हे त्याला पक्के ठाऊक आहे. कर्करोगाचा डॉक्टर भास्कर बॅनर्जी, म्हणजे त्या वेळचा नवखा अमिताभ बच्चन, त्याला आपल्या घरी ठेवून घेतो. सहा महिन्यांनी आनंद जातो. भास्करने लिहिलेल्या डायरीचे पुस्तक होते, त्या पुस्तकाला पुरस्कार मिळतो, आणि त्या समारंभापासून मागे जात जात आपल्याला सारी कथा कळते.

दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी ह्यांना ही कथा कोठून सुचली हे सांगण्याजोगे आहे. राज कपूर त्यांचे जिवलग मित्र होते आणि मुखर्जींना ते ‘बाबू मोशाय’ म्हणत. एकदा राज कपूर आजारी पडले तेव्हा हा मित्र जाणार की काय, अशी भीती मुखर्जींच्या मनात बसली. चित्रपट राज कपूर आणि मुंबई शहर ह्या दोघांना अर्पण केलेला आहे. म्हणजे ह्या कथेचे मूळ मरणाऱ्याच्या मनात नाही. मागे राहण्याची ज्याला भीती वाटते त्याच्या मनात ते आहे. राज कपूर पुढे १९८८ साली गेले आणि मुखर्जी त्यांच्यामागे अठरा वर्षे जगले. (आमचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर मुखर्जींच्या ‘अभिमान’मध्ये आहेत, ‘चुपके चुपके’मध्ये आहेत, ‘आनंद’मध्ये तेवढे नाहीत, ह्याची चुटपुट आम्हांला दर वेळी लागते.)

आता उशाशी बसणाऱ्यांकडे पाहू. भास्कर बंगाली. त्याचा मित्र डॉक्टर प्रकाश कुलकर्णी आणि त्याची बायको सुमन मराठी. ह्या भूमिका रमेश देव आणि सीमा देव ह्यांनी केल्या आहेत. मेट्रन डिसा ख्रिस्ती. नाटकमंडळीवाला इसाभाई सुरतवाला मुसलमान. आनंद स्वतः पंजाबी. ह्यांच्यापैकी एकही त्याच्या रक्ताचा नाही. त्याची ज्या मुलीवर माया होती ती दिल्लीत राहिली आणि दुसऱ्याची झाली. परक्या गावी, परक्यांच्या घरी, परभाषी माणसांत तो मरतो, आणि तरीही एकटा मरत नाही. मुंबई ज्यांनी पाहिली आहे त्यांना ह्यात काही बनावट वाटणार नाही. चाळीत कोणाच्या घरी आजारपण आले की शेजारी कोण जातीचा, हे पाहण्याआधी त्याच्या घरची पेज येऊन पोचत असे. उमरखाडी, नागपाडा, भायखळा, ठाणे येथे ज्यांचे बालपण गेले त्यांनी हे अनुभवले आहे. आम्ही येथे आलो तेव्हा पुष्कळ काही पेटाऱ्यांत भरून आणले. तो शेजार आणता आला नाही. अलियाची जी किंमत आपण मोजली तिच्या हिशेबात ही रक्कम सहसा मांडली जात नाही.

सुरुवातीचा भास्कर कडवट आहे. झोपडपट्टीतल्या रोग्यांना तपासताना त्याला दिसते की ह्यांचा रोग भूक आहे, आणि भुकेवर त्याच्या पेटीत औषध नाही. जेथे औषध चालत नाही तेथे आपण निरुपयोगी, असा त्याचा हिशेब. मग असा रोगी त्याच्या घरी राहावयास येतो ज्याच्यावर त्याच्या विद्येचा काडीचा उपयोग नाही. डॉक्टर म्हणून करण्यासारखे काही उरत नाही. उरते ते सोबत राहणे. आणि ह्या निरुपयोगी सहा महिन्यांत त्या माणसाच्या आयुष्याला अर्थ येतो. तो प्रेमाचा शब्द बोलावयास शिकतो, लिहावयास लागतो. चित्रपटाचे हे म्हणणे खरे आहे, आणि ते व्याख्यानातून न सांगता दाखविले आहे, म्हणून पन्नास वर्षांवर लोटली तरी टिकले आहे.

पण येथेच आमची तक्रार सुरू होते. ही सोबत भास्करला फार स्वस्तात मिळते. आनंद कधी ओकत नाही, कधी अंथरूण खराब करीत नाही, कधी सुनेवर किंवा नर्सवर खेकसत नाही, रात्री दोन वाजता हाक मारून पाणी मागत नाही आणि दिले की नको म्हणत नाही. त्याचे गाल शेवटपर्यंत गुलाबी. सगळे त्याला धीर देण्यास येतात आणि धीर तोच त्यांना देतो. तो भास्करचे रेणूशी जुळवून देतो, सुमनचा दीर होतो, मेट्रनचा मुलगा होतो, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला ‘मुरारीलाल’ म्हणून मिठी मारतो. मरणाऱ्याने भेटीस आलेल्यांचे मन रमविणे हे त्याचे कर्तव्यच आहे, असा समज ह्या चित्रपटाने आपल्याकडे पसरविला असे आम्हांस वाटते. आजाऱ्याला भेटून परतताना ‘किती हसतमुख आहेत हो, आम्हालाच धीर दिला’ असे म्हणणारे लोक आम्ही पुष्कळ ऐकले. मग जो हसतमुख नसतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा कोण जाणार?

मुखर्जींना हे मुळीच ठाऊक नव्हते असे नाही. संध्याकाळच्या वेळी आनंद एकटाच असतो आणि मुकेशच्या आवाजातले ते गाणे सुरू होते. तेवढ्या वेळात त्याच्या चेहऱ्यावर हसू नाही. दिवसभराचे हसणे हे दुसऱ्यांसाठी केलेले काम होते आणि संध्याकाळी कामावरून सुटी झाली आहे, हे त्या गाण्यात दिसते. आमच्या मते चित्रपटातला सर्वांत खरा प्रसंग तो. पण दिग्दर्शक त्याच्याजवळ फार वेळ थांबत नाही. प्रेक्षकालाही थांबवत नाही, हे खरे.

ह्याच्या शेजारी आम्ही दुसरे एक पुस्तक ठेवू इच्छितो. टॉलस्टॉयने १८८६ साली इव्हान इलिच नावाच्या न्यायाधीशाच्या मरणाची एक लहानशी कादंबरी प्रसिद्ध केली. पंचेचाळीस वर्षांचा, नोकरीत बढत्या मिळविलेला, नव्या घराचे पडदे स्वतः लावताना कुशीला मार बसलेला हा गृहस्थ पुढे महिनोन् महिने झिजून मरतो. तो आनंदच्या अगदी उलट आहे. चिडका, संशयी, घाण येणारा, शेवटचे तीन दिवस अखंड ओरडणारा. बायको, मुलगी, डॉक्टर सारे त्याला तू बरा होणार असे सांगत राहतात, आणि त्या खोटेपणाचाच त्याला दुखण्याहून अधिक जाच होतो. त्याला वाटत असते की लहान आजारी मुलाला जसे जवळ घेतात तसे कोणी आपल्याला घ्यावे. पण हे न्यायाधीशाने मागावे कसे?

घरात एकच माणूस त्याच्याशी खोटे बोलत नाही. तो गेरासिम, खेड्यातून आलेला नोकर. तो मालकाचे मलपात्र उचलून नेतो आणि त्याचे तोंड वाकडे होत नाही. पाय उंच धरले की मालकाला बरे वाटते, म्हणून तो ते आपल्या खांद्यांवर घेऊन रात्ररात्र बसतो. तो विनोद करीत नाही, उपदेश करीत नाही. मरण सर्वांनाच यावयाचे आहे, मग दुसऱ्यासाठी थोडे कष्ट घेतले तर काय बिघडले, इतकेच त्याचे तत्त्वज्ञान. ते तो एकदा साधेपणाने सांगतो आणि कामाला लागतो. आणि शेवटी, मरणापूर्वी थोडा वेळ, शाळकरी मुलगा हळूच खोलीत येतो, बापाचा हात त्याच्या डोक्यावर पडतो, तो हात ओठांशी धरून मुलगा रडतो. त्यानंतर त्या ओरडणाऱ्या माणसाला दुसऱ्यांची कीव येते आणि भीती सरते. औषधाने हे झाले नाही.

भास्कर आणि गेरासिम ह्यांत थोर कोण, ही तुलना आम्ही करीत नाही. भास्करला आनंद मिळाला आणि गेरासिमला इव्हान इलिच मिळाला, हा फरक आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला इव्हान इलिच येतो.

चित्रपटात गेरासिमच्या सर्वांत जवळ जाणारी व्यक्ती भास्कर नव्हेच, ती मेट्रन डिसा आहे. ललिता पवार ह्यांना आपण खाष्ट सासू म्हणून ओळखतो. मुखर्जींनी १९५९ च्या ‘अनाडी’तही त्यांना मिसेस डिसा केले होते, आणि तेथेही वरून फणस नि आतून गरे अशीच बाई होती. ‘आनंद’मध्ये ती शिस्तीची मेट्रन आहे, रागावते, दटावते. तिला पगार मिळतो. रोगी येतात, जातात, खाट बदलते. अशा बाईने एका रोग्याला मुलगा मानणे म्हणजे काय, हे ललिता पवार शब्दांविना दाखवितात. आम्हांला तर तिचा दटावण्याचा आवाज शेवटी शेवटी पाहवत नाही, कारण त्यात माया दडविण्याचे श्रम ऐकू येतात.

१९७१ साली भारतात मरणोन्मुख रोग्यांसाठी आधुनिक धर्तीचे हॉस्पिस नव्हते. असे पहिले घर मुंबईतच वांद्र्याला १९८६ साली निघाले, ‘शांती अवेदना’. आनंदला भास्करची खोली हेच ते घर होते. जगात अशा घरांची आधुनिक चळवळ जिने सुरू केली त्या सिसिली सॉन्डर्स ह्या बाईंची हकीकत येथे सांगितली पाहिजे, कारण तिच्या मुळाशी एक यहुदी आहे. डेव्हिड तास्मा हा वॉर्साचा निर्वासित लंडनमध्ये वेटरचे काम करीत असे. १९४८ साली, चाळिशीच्या आसपास, तो तेथल्या एका रुग्णालयात कर्करोगाने मरणपंथाला लागला. जवळचे कोणी नाही, भाषा परकी. सॉन्डर्सबाई तेव्हा डॉक्टर नव्हत्या, रुग्णालयातील समाजसेविका होत्या. त्या येऊन त्याच्याजवळ बसत. माझे सारे आयुष्य फुकट गेले, असे त्याला वाटत असे. काही दिलासा देणारे बोला, असे त्याने म्हटल्यावर बाईंनी दावीदाचे तेविसावे स्तोत्र तोंडपाठ म्हटले. पुढे पुस्तकातून वाचू का, असे विचारताच त्याने नको म्हटले. तुमच्या मनात नि अंतःकरणात आहे तेवढेच मला हवे, अशा अर्थाचे तो बोलला. मरताना त्याने त्यांना पाचशे पौंड ठेवले, तुम्ही बांधाल त्या घरात माझी एक खिडकी असू द्या म्हणून. बाई त्यानंतर वैद्यकी शिकल्या, १९५७ साली डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे घर उघडले. खिडकीनंतर बाकीचे घर बांधावयास एकोणीस वर्षे लागली. त्या स्वतः २००५ साली त्याच घरात वारल्या.

तास्मा हा आनंद नव्हता. तो निराश होता, आणि त्याने कोणाचे मन रमविले नाही. तरी त्याच्या सोबतीतून एका बाईला जन्माचे काम मिळाले. ‘आनंद’ला जे म्हणावयाचे आहे ते हेच, पण चित्रपटाने मरणाऱ्याला त्यासाठी फार राबविले.

आता शेवटाकडे येतो. सहा महिने सावलीसारखा राहिलेला भास्कर शेवटच्या घटकेला खोलीत नसतो. तो औषध आणावयास धावलेला असतो. पहिल्या रिळापासून ज्याला माहीत आहे की औषध नाही, तोच. मित्रावर डॉक्टरने शेवटी मात केली, असा आम्ही ह्याचा अर्थ लावतो. आणि पटकथेतली ही सर्वांत कठोर गोष्ट आहे. आपल्यातही किती मुले आईबापांच्या शेवटच्या क्षणी कॉरिडॉरमध्ये कोणत्या तरी कागदावर सही करीत असतात. भास्कर परततो तेव्हा रडत नाही, रागावतो. सहा महिने बडबड करून माझे डोके खाल्लेस, आता बोल, म्हणून प्रेताला दरडावतो. दुःख प्रथम रागाचे रूप घेऊन येते हे ज्याने पाहिले आहे त्याला ह्यात नाटकीपणा वाटणार नाही. मग टेपरेकॉर्डरवरून आनंदचा आवाज येतो. पुष्कळांना ही क्लृप्ती वाटते. आम्हांला वाटत नाही. ज्यांच्या घरी मुंबईहून आईचा आवाज भरलेली कॅसेट पोस्टाने येत असे, आणि आई गेल्यावरही ती कॅसेट कपाटात होती, त्यांनी ठरवावे.

तेथे चित्रपट संपतो, आणि तेथे तो संपावयास नको होता. मेलेल्याची सोबत संपली की मागे राहिलेल्यांची सोबत सुरू होते; त्याबद्दल ‘आनंद’पाशी बोलण्यासारखे काही नाही. भास्करने पुस्तक लिहिले, एवढेच. उलट टॉलस्टॉय कादंबरीची सुरुवातच मरणानंतरच्या भेटीने करतो. सहकारी सांत्वनाला येतो, बसल्याबरोबर त्याच्या खुर्चीची स्प्रिंग करकरते, विधवा रडता रडता निवृत्तिवेतनाची चौकशी करते, आणि ह्याचे लक्ष संध्याकाळच्या पत्त्यांच्या डावाकडे. हे वाचून हसू येते. मग आपल्याकडच्या शिवाच्या सात दिवसांत अश्दोदला किंवा लोदला जे कानी पडते ते आठवते, आणि हसू थांबते. फ्लॅटचे भाव, कोणाच्या मुलाचे लग्न, मोबाइलची घंटा. त्याहून वाईट म्हणजे तत्त्वज्ञान: ‘सुटले बिचारे’, ‘वय झालेच होते’.

आपल्या शास्त्रकारांनी ह्याचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. शोक करणारा स्वतः तोंड उघडीपर्यंत सांत्वनाला आलेल्यांनी बोलू नये, असे तालमूद सांगते, आणि त्याला आधार ईयोबाचा आहे. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तेवढे त्यांनी बरोबर केले. आठव्या दिवसापासून बोलावयास लागले आणि सारे घालविले. तसेच रब्बी अकिवाचे. त्यांचा एक शिष्य आजारी पडला, कोणी भेटीस जाईना. अकिवा गेले, खोली झाडून पाणी शिंपडले गेले, आणि शिष्य उठून बसला. आम्हांला त्यातला झाडू फार आवडतो. गेरासिमच्या हातातही तोच आहे.

हे सारे आज आम्हांला का टोचते ते सांगतो. आपल्या पहिल्या पिढीतील माणसे दिमोना, बेरशेबा, अश्दोद, रामला येथे एकेक करून जात आहेत. म्हातारपणी आजार वाढला की चाळीस-पन्नास वर्षे वापरलेली हिब्रू आधी गळून पडते आणि मराठी तेवढी उरते. डॉक्टर हिब्रूत विचारतो, आजी कोंकणातल्या विहिरीबद्दल उत्तर देते. नातवाला दोन्हींतले एकच समजते. अशा वेळी उशाशी बसलेली असते ती बहुधा पगारी मेतापेलेत, फिलिपाइन्सची किंवा केरळची. तिला ना मराठी येते, ना धड हिब्रू; पण पाय कसे धरले की बरे वाटते हे तिला कळते. म्हातारे माणूस गेले की तिचे काम जाते आणि पाठोपाठ राहती खोलीही. शिवात नातलग रांगेने बसतात. चहा तीच फिरविते. ती कोणाजवळ रडते ते आम्ही कोणालाही विचारताना ऐकले नाही.

म्हणून वाचकांना सुचवितो की ‘आनंद’ पुन्हा पाहावा, पण ह्या खेपेस राजेश खन्नाकडे फार पाहू नये. तो आपले लक्ष वेधून घेण्यात पटाईत आहे, तेव्हा हे जरा कठीण जाईल. मेट्रन डिसा जेथे जेथे येते तेथे तिच्याकडे पाहावे, विशेषतः ती काही बोलत नसते तेव्हा. भास्करला पुस्तक मिळाले, टाळ्या मिळाल्या. मेट्रनला दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर जावयाचे होते, आणि त्या खाटेवर नवा रोगी आलेला असणार.